शिल्लक मालाची वेळ साधताना: किराणा विक्रेत्यांनी अन्नाची नासाडी आणि परिसरातील भूक कशी कमी करावी

जाळीच्या पिशवीत दहा संत्री असतात. त्यांतल्या एकाला खालच्या बाजूने हिरवट बुरशी धरलेली असते. कर्मचारी पिशवी उचलतो, उलटून पाहतो आणि सबंध पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकतो. पिशवी फोडून उरलेली नऊ संत्री तपासून, धुऊन सुटी विकण्याची किंवा कोणाला देण्याची सोय त्याच्याकडे नसते, आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. अंड्यांच्या खोक्यातले एक अंडे फुटले किंवा सहा बाटल्यांच्या गठ्ठ्यातली एक बाटली गळली, तरी हेच घडते. नग एक बिघडतो आणि त्याच्यासोबत पाच-दहा चांगले नग फेकले जातात.

अन्न प्रत्यक्ष खराब होण्याच्या बरेच आधी, ते आता विकले जाणार नाही, हे दुकानाला कळलेले असते. हे कळणे आणि अन्न खराब होणे यांच्यामधला जो अवधी असतो, कधी काही तासांचा तर कधी काही आठवड्यांचा, तेवढाच भुकेल्या माणसाच्या उपयोगाचा असतो. बहुतेक दुकानांत हा अवधी कोणीच निर्णय न घेतल्यामुळे निघून जातो. म्हणून पुढे जे काही सुचवले आहे, त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: निर्णय लवकर व्हावा, आणि तो घेण्याचा अधिकार मालाजवळ उभ्या असलेल्या माणसाला असावा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. साली-देठांसारखे न खाण्याजोगे भाग त्यात धरलेले आहेत, तरीही ग्राहकांसाठी उपलब्ध झालेल्या अन्नाचा हा १९ टक्के हिस्सा आहे. या नासाडीतला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा, २८ टक्के उपाहारगृहे आणि तत्सम सेवांचा, तर १२ टक्के किरकोळ विक्रीचा आहे. दुसऱ्या बाजूला, संयुक्त राष्ट्रांच्याच अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये सुमारे ६७.३ कोटी लोक भुकेले होते. बारा टक्के पाहून विक्रेत्याला आपला वाटा लहान वाटू शकतो, परंतु शेतकऱ्याकडचा कोणता माल नाकारला जाईल आणि ग्राहक घरी गरजेपेक्षा किती जास्त नेईल, हे ठरवण्यात दुकानाचा मोठा हात असतो. त्यामुळे त्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या डब्यापुरती उरत नाही.

आधी वजन, मग उपाय

पहिले चार आठवडे काहीही बदलू नये. फक्त फेकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचे वजन करावे. मागच्या दाराजवळ एक काटा आणि एक वही ठेवली तरी पुरते. वहीत चार रकाने असावेत: काय टाकले, किती टाकले, का टाकले, आणि हा माल विकला जाणार नाही हे पहिल्यांदा केव्हा लक्षात आले. पहिले तीन रकाने अनेक ठिकाणी ठेवले जातात. चौथा सहसा कोणी ठेवत नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच आहे. दह्याचे वीस डबे तारीख उलटल्यामुळे टाकले, एवढी नोंद असेल तर तिच्यावरून तारखेला दोष देण्यापलीकडे काही करता येत नाही. परंतु हे डबे खपणार नाहीत हे सहा दिवस आधीच दिसत होते, असे चौथ्या रकान्यात लिहिलेले असेल, तर किंमत उतरवायला आणि ती उतरवूनही उरलेला माल एखाद्या संस्थेला द्यायला सहा दिवस हाती होते, हे स्पष्ट होते.

या नोंदींवरून कोणालाही बोल लावू नये. जास्त घट लिहिली म्हणून एकदा जरी रागावणे झाले, तरी दुसऱ्या दिवसापासून वहीतले आकडे आपोआप कमी होतात आणि डबा मात्र पूर्वीइतकाच भरत राहतो. महिनाभराने वही चाळली की एकूण नासाडीचा मोठा भाग थोड्याच वस्तूंमधून येतो, असे बहुधा दिसते. त्यांत ताजा पाव, पालेभाज्या, फळे आणि दुग्धजन्य पदार्थ हमखास असतात. सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

मागणी, मांडणी आणि साठवण

दुकान बंद होईपर्यंत प्रत्येक फळी भरगच्च दिसलीच पाहिजे, हा आग्रह नासाडीचे एक मोठे मूळ आहे. शेवटच्या तासातही पावाचे रकाने काठोकाठ भरायचे असतील, तर रात्री उरणारा पाव ही चूक ठरत नाही, ते ठरवून केलेले उत्पादन ठरते. संध्याकाळनंतर फळी विरळ दिसली तरी चालेल असे व्यवस्थापनाने स्पष्टपणे, शक्यतो लेखी सांगावे, कारण तोंडी सूचना पुढच्या तपासणीपर्यंतच टिकते. फळांच्या उंच राशी रचल्यावर तळाची फळे वरच्या भाराने दबतात. टोपलीच्या तळाशी उंचवटा ठेवून वर एक-दोन थर मांडले, तर रास भरलेली दिसते आणि माल दबत नाही.

मागणी नोंदवताना गेल्या आठवड्याच्या सरासरीवर विसंबून राहू नये. सुट्ट्या, हवामान, पगाराचे दिवस आणि शाळांचे वेळापत्रक यांचा खपावर परिणाम होतो, आणि काउंटरवर रोज उभा राहणारा माणूस हे संगणकाइतकेच ओळखून असतो. त्याला मागणी कमी-जास्त करण्याची मुभा असावी. वितरक चोवीस नगांचीच पेटी देतो आणि मुदतीच्या आत खप पंधरा नगांचा आहे, अशी स्थिती असेल, तर नऊ नग दर खेपेला वाया जाणार हे आधीच ठरलेले असते. अशा वेळी लहान पेटी मागावी, शेजारच्या शाखेशी पेटी वाटून घ्यावी किंवा ती वस्तू ठेवणे सोडून द्यावे.

साठवणीत ज्याची मुदत आधी संपते ते पुढे आणि नवीन माल मागे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो, तरी घाईच्या वेळी तोच सर्वांत आधी मोडतो. त्याखेरीज मालाचा स्वभाव ओळखून जागा द्यावी. केळी साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली ठेवली की सालीच्या आतून करपल्यासारखी काळपट होतात. पालेभाज्यांना मात्र शून्याच्या जवळची, दमट थंडी मानवते. पिकती केळी, सफरचंदे आणि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारची पालेभाजी व काकडी लवकर पिवळी पडते. ही दोन कुटुंबे वेगळी ठेवायला एक पैसा लागत नाही. गाडीतून उतरलेला थंड माल किती मिनिटे बाहेर पडून राहतो, हेही एकदा घड्याळ लावून पाहावे. तिथे गेलेला अर्धा तास फळीवरचा दिवस खातो.

मालाच्या रूपाबाबतचे निकष हा या विषयाचा अवघड भाग आहे. युरोपीय समुदायाच्या १९८८ च्या नियमात वरच्या प्रतीच्या काकडीचा बाक दर १० सेंटीमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, असे लिहिलेले होते. २००९ मध्ये काकडीसह २६ फळे आणि भाज्यांवरचे असे नियम रद्द झाले, पण विक्रेत्यांचे स्वतःचे खरेदीचे निकष बऱ्याच ठिकाणी तसेच राहिले. आपल्या खरेदीपत्रकात आकार, रंग आणि डागांबद्दल काय लिहिले आहे ते वाचून, चव, पोषण किंवा टिकाऊपणाशी ज्या अटीचा संबंध नाही ती काढून टाकावी. वाकडा माल स्वयंपाकासाठीचा म्हणून कमी भावात वेगळा ठेवला, तर त्यालाही गिऱ्हाईक मिळते.

तारखांचा अर्थ

वेष्टणावरच्या तारखा दोन जातींच्या असतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे बरेचसे चांगले अन्न फेकले जाते. ‘बेस्ट बिफोर’ ही गुणवत्तेची तारीख आहे: त्या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, सुगंध उत्तम राहील असे उत्पादक सांगतो, आणि ती उलटल्यावरही नीट साठवलेला पदार्थ बहुधा खाण्याजोगा असतो. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख आहे आणि ती उलटलेला पदार्थ विकू नये, देऊ नये, स्वतःही खाऊ नये. पहिल्या प्रकारची तारीख उलटलेला माल दान करण्यास युरोपीय संघाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना वाव देतात. प्रत्येक देशात तसे असेलच असे नाही, म्हणून आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम एकदा वाचून त्याचा एका पानाचा तक्ता गोदामाच्या भिंतीवर लावावा. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या भुकटीबाबत मात्र कसलीही सवलत घेऊ नये. तारीख उलटली की ती बाद समजावी.

२०२२ मध्ये ब्रिटनमधील अनेक मोठ्या विक्रेत्यांनी ताज्या फळा-भाज्यांच्या बऱ्याच वेष्टणांवरून ‘बेस्ट बिफोर’ तारीख काढून टाकली. बटाटा किंवा सफरचंद चांगले आहे की नाही हे ग्राहकाला डोळ्यांनी कळते, असा त्यामागचा साधा विचार होता.

किंमत उतरवताना

किंमत लवकर आणि थोडीथोडी उतरवावी. शेवटच्या दिवशी एकदम निम्मी किंमत लावल्यास पुष्कळ माल तरीही उरतो, आणि उरलेला माल दुसऱ्या कोणाला देण्याची वेळही निघून गेलेली असते. मुदत संपण्याच्या तीन-चार दिवस आधी पहिली सवलत लावली आणि शेवटच्या दिवसाच्या सकाळीच उरलेला माल देण्यासाठी बाजूला काढला, तर दोन्ही गोष्टी साधतात. नाशवंत मालावर ‘एकावर एक मोफत’ देणे मात्र टाळावे. अशा योजनेने दुकानातली नासाडी ग्राहकाच्या घरी जाते एवढेच. साठ टक्क्यांचा आकडा घरांच्या नावावर आहे, त्यात अशा पिशव्यांचीही भर असते. त्याऐवजी एका नगावर सवलत द्यावी आणि लहान कुटुंबाला लागेल तेवढाच सुटा माल घेण्याची सोय ठेवावी.

देण्याची व्यवस्था

जगातली पहिली फूड बँक किराणा दुकानाच्या मागच्या दारातूनच जन्मली, असे म्हणता येईल. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे स्वयंसेवक गरजूंसाठी अन्न गोळा करत असत. दुकानामागच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न शोधणाऱ्या एका आईने त्यांना सुचवले की, टाकले जाणारे अन्न ठेवायला आणि लागेल तसे काढून न्यायला पेढीसारखी एखादी जागा असायला हवी. त्यातून १९६७ मध्ये सेंट मेरीज फूड बँक सुरू झाली. अन्न चांगले होते, ते तिथेच होते आणि भूकही तिथेच होती. दोहोंना जोडणारी व्यवस्था तेवढी नव्हती. आजही बहुतेक ठिकाणी उणीव नेमकी हीच असते.

व्यवस्था उभी करताना पहिले पाऊल विचारण्याचे असावे. परिसरात अन्नपेढी, सार्वजनिक स्वयंपाकघर, निवारागृह, वृद्धाश्रम किंवा शाळा असेल, तर तिथे जाऊन त्यांच्याकडे किती लिटरचा फ्रीज आहे, ते शिजवू शकतात की तयारच अन्न वाटतात, कोणत्या दिवशी किती माणसे येतात आणि त्यांना कशाची चणचण भासते, हे समजून घ्यावे. संस्थांकडे पाव आणि गोड पदार्थ भरपूर येतात. दूध, अंडी, डाळी, भाज्या आणि बाळांचे अन्न यांचा तुटवडा असतो. ज्या संस्थेकडे थंड जागा नाही तिला चाळीस लिटर दूध पाठवणे म्हणजे आपला कचरा तिच्या दारात नेऊन ठेवणे होय, आणि तो टाकण्याचा खर्चही मग तिच्याच माथी येतो.

त्यानंतर लेखी करार करावा. तो दोन पानांचा असला तरी पुरे, पण त्यात उचल कोणत्या दिवशी आणि किती वाजता होईल, वाहन कोणाचे, मालाचा ताबा कोणत्या क्षणी बदलतो, थंड मालाचे तापमान कोण मोजेल आणि एखाद्या दिवशी गाडी आली नाही तर फोन कोणाला करायचा, हे सारे स्पष्ट असावे. दोन्हीकडे एकेक माणूस नावानिशी नेमावा आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूसही ठरवून ठेवावा. अशा व्यवस्था सहसा कोणाच्या अनास्थेमुळे मोडत नाहीत. एक उत्साही कर्मचारी दुसऱ्या शाखेत जातो आणि त्याच्यासोबत सगळी माहितीही जाते, म्हणून त्या मोडतात.

दुकानात देण्याच्या मालासाठी ठरावीक रंगाचे क्रेट आणि शीतगृहात एक आखलेली जागा हवी. कचऱ्याच्या डब्याजवळ ही जागा कधीही ठेवू नये. तिथे ठेवलेल्या अन्नाकडे कर्मचारीही कचरा म्हणूनच पाहू लागतात, आणि मग क्रेटमध्ये नको त्या गोष्टी पडतात. रोज सकाळी फळी लावतानाच आज मुदत संपणारा, वेष्टण चुरगळलेला, गठ्ठ्यातून सुटा झालेला माल त्या क्रेटमध्ये जावा. सुरुवातीच्या संत्र्यांच्या पिशवीचा निकालही इथेच लागतो: पिशवी फोडायची, बुरशीचे फळ टाकायचे, उरलेली तपासून आणि धुऊन क्रेटमध्ये ठेवायची. हे काम दोन मिनिटांचे आहे. ते करण्याची परवानगी आहे, हे मात्र प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

सुरक्षिततेच्या बाबतीत कसूर चालणार नाही. थंड पदार्थ ५ अंश सेल्सियसच्या खाली, गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गोठवलेले पदार्थ उणे १८ अंशांच्या आसपास राहिले पाहिजेत. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिले असेल, तर ते देऊ नये. फुगलेला किंवा सांध्यावर ठेचलेला डबा, सील तुटलेली बाटली, घटकांची यादी फाटलेले वेष्टण हा सारा माल बाद करावा, कारण अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला ती यादीच वाचवते. मांस-मासे मुदतीच्या आदल्या दिवशीपर्यंत गोठवून, त्यावर गोठवल्याची तारीख लिहून देता येतात, जिथे नियमांची तशी परवानगी आहे तिथे. शंका आली की देऊ नये, आणि का दिले नाही ते वहीत लिहावे. आपण आपल्या घरच्या ताटात जे वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या ताटात वाढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कायद्याची भीती

दिलेल्या अन्नाने कोणी आजारी पडले तर काय, ही भीती अनेक विक्रेत्यांना अडवते. अमेरिकेत १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने सद्‌भावनेने अन्न दान करणाऱ्याला, घोर निष्काळजीपणा नसेल तर, दायित्वापासून संरक्षण दिलेले आहे. फ्रान्सने २०१६ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी सेवाभावी संस्थेशी दानाचा करार करणे बंधनकारक झाले आणि खाण्याजोगे अन्न मुद्दाम निकामी करण्यास बंदी आली. त्याच वर्षी इटलीने दानाची कागदपत्रे आणि करविषयक प्रक्रिया सोपी केली. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अतिरिक्त अन्नाचे संकलन आणि वाटप यांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम केले. आपल्या देशात यांपैकी कोणती पद्धत आहे, हे वकिलाला किंवा अन्न निरीक्षकाला एकदा विचारून घेतले की पुष्कळशी भीती मावळते. काय दिले, केव्हा दिले, किती तापमानाला दिले याची नोंद हे त्यानंतरचे सर्वांत भक्कम संरक्षण होय.

शिल्लक मालाने भूक पुरी पडत नाही

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नासाडी कमी करण्यात दुकानाला यश येऊ लागले की देण्याजोगा मालही कमी होतो, आणि भूक मात्र दर दिवशी तेवढीच असते. भूक अन्नाच्या कमतरतेपेक्षा पैशाच्या कमतरतेतून अधिक येते. म्हणून परिसराची भूक कमी करायची असेल, तर केवळ उरलेल्या मालावर भिस्त ठेवता येत नाही. दर महिन्याला ठरावीक प्रमाणात धान्य, डाळी, तेल, दूध खरेदीच्या भावाने संस्थेला देण्याचे वचन विक्रेता देऊ शकतो. बिलाच्या वेळी ग्राहकाला वरची रक्कम पूर्ण करून देणगी देण्याची सोय ठेवू शकतो, अट एवढीच की किती रक्कम जमली आणि ती कोठे गेली, हे दुकानात ठळकपणे लावलेले असावे. शक्य असेल तिथे तयार पिशवीऐवजी निवड करता येईल असे कूपन द्यावे. घरात मधुमेहाचा रुग्ण आहे की तान्हे मूल आहे, शिजवायला इंधन आहे की नाही, हे घेणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि इतरांसारखे फळीवरून स्वतःच्या हाताने वस्तू उचलण्यात जो मान आहे, तो रांगेत उभे राहून मिळणाऱ्या पिशवीत नाही.

आपल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडेही पाहावे. दिवसभर अन्न रचणाऱ्या माणसाच्या घरी महिन्याच्या अखेरीस अन्न अपुरे पडत असेल, तर दुकानाचा पहिला भुकेला शेजारी तोच आहे. पुरेसे वेतन, आधी कळवलेल्या कामाच्या वेळा आणि शिल्लक माल उघडपणे, कोणालाही विनवणी न करता घरी नेण्याची सोय, या तीन गोष्टींसाठी कोणत्याही संस्थेशी करार करावा लागत नाही.

माणसांना देता येत नाही असा माल जनावरांच्या खाद्यासाठी, नियमांत बसेल तेवढा, द्यावा आणि त्यानंतर उरेल त्याचे खत किंवा बायोगॅस करावा. कचरा डेपोत हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो, म्हणून तिथे जाणारा डबा हा अगदी शेवटचा आणि सर्वांत लहान असावा. खताचा खड्डा चांगला चालतो म्हणून क्रेटमध्ये जाण्याजोगा माल तिकडे वळत नाही ना, यावर मात्र लक्ष ठेवावे.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडावी आणि ज्यांना अन्न दिले त्यांच्याकडून एक चिठ्ठी मागवावी: पाठवलेल्यातले काय वापरले गेले, काय वाया गेले आणि काय हवे होते पण आले नाही. दिलेल्या किलोंचा आकडा फलकावर चांगला दिसतो, पण त्यातले किती खाल्ले गेले हे या चिठ्ठीतूनच कळते. मंगळवारचा पाव परत जातो आणि गुरुवारी दूध कमी पडते, असे तीत लिहिलेले असेल, तर सोमवारची पावाची मागणी त्याच दिवशी कमी करावी, आणि गुरुवारच्या गाडीत विकत घेतलेल्या दुधाचे क्रेट चढवावेत.